पोरांच्या हाताला लागेल असा डबा

(शिरपूर जैन येथे बचत गटांच्या आणि अंगणवाडीच्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



आज मी एका डब्याबद्दल बोलणार आहे. बायकांच्या मेळाव्यात पोरांच्या खेळण्यांचा विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण आई सोयाबीन सोंगायला गेली की धाकट्याला कोण सांभाळतं? आठ-नऊ वर्षांची पोरगी, शाळा बुडवून. म्हणून हा विषय आपलाच आहे.

‘अंगणवाडी’ या शब्दामागे एक बाई आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मॉंटेसोरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी खडे, बिया, शंख-शिंपले, पानं, माती हीच साधनं मानली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली ती 1975 मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

आपल्याकडे समुद्र नाही, शिंपले नाहीत. पण पऱ्हाटीच्या काड्या आहेत, तुराट्या आहेत, चिंचोके, सीताफळाच्या बिया, पळसाची फुलं आहेत. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आणि चष्मा तुम्ही सगळ्यांनीच केला असेल. आता शिवारभर सोयाबीन, धांडा शोधावा लागतो. मिळाला की पेंडीभर वाळवून ठेवा.

एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्यात शिंप्याकडच्या चिंध्या, सुतळी, जुन्या लग्नपत्रिका, रिकाम्या काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणं टाका. डिंक विकत आणू नका. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात कालवा, मंद आचेवर ढवळत शिजवा, झाली खळ. दोन-तीन दिवस टिकते. तिच्यात मोरचूद मात्र घालू नका, ते विष आहे.

रंग? कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवा. मग काडी साबणाच्या पाण्यात बुडवून पोरांना चित्र काढू द्या. पिवळ्यावर लाल उमटतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्याला धुणं धुताना रोज दिसतं. तेच विज्ञान पोरांपुढे ठेवायचं.

दोन गोष्टी सांभाळा. गुंजा आणि एरंडीच्या बिया डब्यात नकोत, दोन्ही विषारी. आणि तीन वर्षांखालच्या पोराला बारीक बिया देऊ नका; नाकात, घशात जातात.

डबा ठेवायचा कुठे? पोराचा हात पोहोचेल तिथे. एका गावात मी अंगणवाडीचं साहित्य कपाटात कुलूपबंद पाहिलं. सेविका म्हणाली, “ताई, तुटलं तर मलाच जाब द्यावा लागतो.” तिचं खरं आहे. पण चिंध्या-चिंचोके हरवले तर कोण हिशेब मागणार? फुकटच्या साधनांचा हा सर्वांत मोठा फायदा.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल पोराच्या हाती, आणि भुलाबाईची मूर्ती पोरीच्या हाती. सुई-दोरा पोरीला, हातोडी पोराला. कोणी शिकवत नाही, हातात देतो तेच शिकवणं असतं. या डब्यातली सुई पोराच्याही हातात द्या, तुराट्यांचं घर पोरीलाही बांधू द्या. स्वतःचं बटण लावता येणारा मुलगा उद्या बायकोवर ओरडणार नाही याची हमी मी देत नाही, पण सुरुवात तिथूनच आहे.

आणि हा डबा भरणं हे बाईचं आणखी एक फुकटचं काम होऊ देऊ नका. घरातल्या बापाने, आजोबांनी काड्या तासाव्यात. सेविकेला आजही पगार नाही, ‘मानधन’ आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ऐकायलाही 2022 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. “साधनं घरीच बनवा” म्हणून कोणी तिच्यावर बिनपैशाचं काम ढकललं, तर त्याचे तास मोजून दाखवा. टाकाऊतून टिकाऊ होतं ते वस्तूंचं. बाईचा वेळ टाकाऊ नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक डबा आणावा. आणि तो कोणी भरला, तेही सांगावं.