फांदीतून झाड : शाकीय पुनरुत्पादन आणि शाळेची बाग
(केंद्रातील शिक्षकांच्या मासिक परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस पडून गेला म्हणजे गावोगावी एक देवाणघेवाण सुरू होते. तिचा हिशेब कोठेही लिहिला जात नाही. एखादी गृहिणी शेजारणीकडून मोगऱ्याची फांदी मागून नेते. कोणी अळवाचे कंद देतो. कोणी शेवग्याचा फाटा कुंपणाशी रोवतो. कोणी पाहुण्यांच्या गावाहून हळदीचे बेणे आणतो. यांपैकी कोणीही बी पेरलेले नसते. तरीही भाद्रपद येईपर्यंत प्रत्येकाच्या अंगणात नवे रोप उभे राहिलेले दिसते.

वर्गामध्ये हाच विषय ‘शाकीय पुनरुत्पादन’ या भारदस्त नावाने येतो. व्याख्या फळ्यावर लिहिली जाते, मुले ती पाठ करतात, आणि आईने लावलेल्या मोगऱ्याचा त्या व्याख्येशी काही संबंध आहे, हे पुष्कळदा त्यांच्या ध्यानातही येत नाही. वस्तुतः हा विषय शिकविण्यास जितके साहित्य खेड्यातील शाळेभोवती असते, तितके शहरातील प्रयोगशाळेतही नसते.

तेच झाड, नवे मूल नव्हे

बीजाखेरीज, वनस्पतीच्या मूळ, खोड अथवा पान या भागापासून नवी वनस्पती निर्माण होणे, यास शाकीय पुनरुत्पादन म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. परंतु तिच्यातील मर्म मुलांना निराळे सांगावे लागते.

बी तयार होण्यासाठी परागकण आणि बीजांड यांचा संयोग व्हावा लागतो. बहुधा हे दोन्ही दोन निरनिराळ्या झाडांकडून आलेले असतात. म्हणून बीपासून उगवलेले रोप हे खरोखर मूल होय. ते आईसारखे काही अंशी असते, पण हुबेहूब आईसारखे असत नाही. हापूसची कोय पेरली तर उगवलेल्या झाडाला हापूसच लागेल, अशी खात्री देता येत नाही. उलट, फांदीपासून वाढलेले रोप हे त्या झाडाचे मूल नव्हे. ते तेच झाड असून केवळ दुसऱ्या जागी उभे असते. रंग, गोडी, बहराचा काळ हे सारे गुण त्याच्याबरोबर जसेच्या तसे जातात. आणि आईच्या अंगात रोग असेल, तर बहुधा तोही त्याच्याबरोबर जातो.

हे शेवटचे वाक्य पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते. शेतकऱ्याच्या घरात मात्र वर्षाची कमाई त्याच वाक्यावर अवलंबून असते. यास्तव पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती केले आहे.

निसर्गातील प्रकार

माणसाने कलमे बांधण्यास आरंभ केला, त्याच्या कितीतरी पूर्वीपासून निसर्ग हा मार्ग वापरीत आहे. काळ्या जमिनीतील कुंदा आणि सर्वत्र आढळणारी हरळी ही त्याची ठळक उदाहरणे. हरळीचे खोड जमिनीसरसे धावते आणि त्याच्या प्रत्येक पेराशी डोळा असतो. नांगराच्या फाळाने त्या खोडाचे दहा तुकडे झाले, तर दहा हरळ्या होतात. शेतकरी नांगरट करून हरळीच्या काश्या वेचून उन्हात का टाकतो, हे ज्या मुलाने बांधावर बसून पाहिले आहे, त्याला खोडापासून होणारे पुनरुत्पादन निराळे समजावून द्यावे लागत नाही. तळ्यातील जलपर्णीही अशीच बाजूला फुटवे टाकीत पसरते आणि थोड्याच दिवसांत पाणी झाकून टाकते.

जमिनीखालील खोडांविषयी मुलांचा, आणि कधी कधी मोठ्यांचाही, एक गैरसमज असतो. जे जमिनीखाली वाढते ते मूळच, असे ते धरून चालतात. शिक्षकाने बटाटा, आले, रताळे आणि गाजर ही चारही टेबलावर ठेवावीत आणि मुलांना डोळे शोधण्यास सांगावे. बटाट्यावर ठरावीक क्रमाने डोळे असतात. आल्यावर पेरे, डोळे आणि खवल्यांचे वण दिसतात. म्हणून ही दोन्ही खोडे होत. रताळ्यावर अशी पेरे नाहीत; ते मूळ होय. त्यालाही कोंब फुटतात खरे, आणि त्या कोंबांच्या वेलाचे तुकडे लावूनच रताळ्याची लागवड होते. गाजरही मूळच आहे. परंतु त्याचा शेंडा पाण्यात ठेवला असता वर पाला फुटतो, नवे गाजर मात्र मिळत नाही. या एका तासात खोड आणि मूळ यांतील भेद जितका स्पष्ट होतो, तितका आकृतीवरून होत नाही.

मुळापासून नवे रोप मिळण्याचे घरगुती उदाहरण म्हणजे कढीपत्ता. मोठ्या झाडाच्या आसपास जी लहान रोपे उगवतात, त्यांतील पुष्कळ बियांची नसून मुळांना आलेले फुटवे असतात. एखादे रोप हलक्या हाताने उकरून पाहिल्यास ते आईच्या मुळाशी जोडलेले दिसते. पानापासून होणाऱ्या पुनरुत्पादनासाठी पानफुटीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. तिचे जाड पान ओलसर मातीवर ठेवले असता त्याच्या कडेवरील खाचांतून इवली रोपे डोके वर काढतात.

केळीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. नेहमीच्या केळ्यात जे बारीक काळे ठिपके दिसतात, ती वाढ न झालेली बीजांडे होत. त्यांपासून रोप होत नाही. केळीचा जो ‘बुंधा’ म्हणून दाखविला जातो, तो पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी असते. खरे खोड जमिनीत कंदाच्या रूपाने असते आणि त्यातून मुनवे फुटतात. लागवडीसाठी अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी पाने असलेला मुनवा उत्तम मानला जातो. अलीकडे बागाईतदार ऊतिसंवर्धित रोपे लावतात. तीही याच तत्त्वावर तयार होतात. फरक इतकाच की, तेथे मुनव्याच्या ऐवजी वाढत्या कोंबाचा सूक्ष्म भाग काचपात्रात वाढविलेला असतो.

माळ्याच्या हातची कला

निसर्गाचा हा स्वभाव ओळखून माणसाने कलमांच्या निरनिराळ्या रीती शोधून काढल्या. त्यांपैकी सर्वांत सोपी रीत छाट कलमाची. जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, चार डोळ्यांची फांदी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली, तिरपा द्यावा. खालची पाने काढून टाकावीत. दोन डोळे मातीत व दोन वर राहतील अशी ती सावलीत रोवावी. महिना-दीड महिन्यात तिला मुळे फुटतात.

गुटी कलम हे तर शरीरक्रियेचा चालता-बोलता पाठ आहे. डाळिंबाच्या फांदीवरील सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढून टाकतात, तेथे ओले शेवाळ बांधतात आणि त्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळतात. फांदी मरत नाही, कारण पाणी आतल्या लाकडातून वर चढतच असते. पानांत तयार झालेले अन्न मात्र सालीतून खाली उतरत असते. ती वाट तुटल्यामुळे ते वरच्या कडेशी साचते आणि तेथेच मुळे फुटतात. पाणी कोठून चढते व अन्न कोठून उतरते, हा भेद मुलांना येथे डोळ्यांनी पाहता येतो.

आंब्याच्या कोय कलमात दोन झाडे एक होतात. नुकत्याच उगवलेल्या, कोवळ्या तांबूस रोपावर हापूसची काडी पाचरीसारखी बसवून बांधतात. खालच्या भागास खुंट म्हणतात. खुंट मुळे देतो आणि काडी फळे देते. दोघांच्या सालीखाली वाढीचा जो ओलसर थर असतो, तो एकमेकांस भिडला तरच सांधा जुळतो. नारळाचे असे कलम का बांधता येत नाही, असे एखादे चौकस मूल विचारील. त्याचे उत्तर येथेच आहे : नारळ, केळ, ऊस यांच्या खोडात असा सलग थर नसतो. गुलाबाचे डोळे भरणे हाही याच तत्त्वाचा प्रकार होय. नाशिक आणि सांगलीकडील द्राक्षबागांत डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात, कारण तो खुंट पाण्याचा ताण व खारटपणा अधिक सोसतो.

एकसारखेपणाची किंमत

आता त्या मर्माच्या दुसऱ्या बाजूकडे वळावयाचे. सारी झाडे एकसारखी असणे हा बागाईतदाराचा मोठा लाभ आहे. परंतु तोच त्याचा मोठा धोकाही आहे. ज्या रोगापुढे एक झाड टिकत नाही, त्यापुढे त्याची सर्व भावंडे टिकत नाहीत.

आयर्लंडमधील गरीब जनता एकोणिसाव्या शतकात मुख्यतः बटाट्यावर जगत होती, आणि त्यांतही ‘लंपर’ नावाची एकच जात बहुतेकांच्या शेतात होती. बटाटा डोळ्यांपासून लावला जात असल्यामुळे ती सर्व झाडे म्हणजे जणू एकच झाड होते. १८४५ मध्ये तेथे करपा रोग आला आणि पुढील काही वर्षे पीक काळे पडून कुजत राहिले. राज्यकर्त्यांच्या धोरणाचा दोष त्यात होताच. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्यू पावली आणि तितक्याच लोकांना देश सोडावा लागला. केळीच्या बाबतीतही असेच घडले. ग्रोस मिशेल ही जात एके काळी मध्य अमेरिकेतून जगभर जात असे. मातीतील बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने तिच्या बागा उजाड झाल्या, आणि १९६० च्या सुमारास व्यापारी बागाईतदारांना ती सोडून कॅव्हेंडिश गटाच्या केळीकडे वळावे लागले. आपल्याकडील बसराई आणि ग्रँड नैन या त्याच गटातील होत.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागांवर तेल्या रोगाने मोठे संकट आणले. हा रोग जिवाणूंमुळे होतो. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. पण नव्या गावात तो पुष्कळदा रोगट बागेतून आणलेल्या गुटी कलमांबरोबर शिरतो. स्वस्त मिळाली म्हणून आणलेल्या रोपांपायी बाग उपटण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली. त्या घरांतील मुलेही शाळांच्या वर्गात बसत होती आणि शाकीय पुनरुत्पादनाची व्याख्या पाठ करीत होती.

उसाच्या बाबतीतही काणी आणि गवताळ वाढ हे रोग बेण्यातून पसरतात. म्हणून बेण्याचा मळा निराळा राखावा, टिपऱ्या निरोगी उसाच्या असाव्यात आणि शक्य तेथे बेण्यास ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन तास ठेवण्याची प्रक्रिया करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

यावरून बी निरुपयोगी आहे, असा समज मात्र होऊ देऊ नये. कलम जुने गुण राखते. नवे गुण बीजातूनच जन्मास येतात. कोइमतूरच्या संशोधन केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी लागवडीच्या उसाचा संकर त्याच्या रानटी नातलगाशी घडवून आणला, आणि त्यातून निघालेली ‘को. २०५’ ही जात १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. वेंगुर्ले येथील संशोधन केंद्रातून १९८१ मध्ये प्रसारित झालेला ‘रत्ना’ आंबा हा नीलम आणि हापूस यांचा संकर होय. ही अपत्ये बीजातून जन्मली आणि त्यानंतर टिपरीने अथवा कलमाने वाढविली गेली. दोन्ही मार्ग एकमेकांस पूरक आहेत. म्हणून बांधावरचा गावरान आंबा केवळ आंबट आहे एवढ्याच कारणाने तोडू नये, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

शाळेत काय करता येईल

यासाठी खर्चाची आवश्यकता नाही. पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या बागेत एक लहानसा वाफा या विषयासाठी राखून ठेवावा. त्यात डोळा असलेली आणि डोळा खरवडून काढलेली उसाची टिपरी शेजारी शेजारी लावावी. जास्वंदीच्या दहा फांद्या सरळ आणि दहा उलट्या रोवाव्यात. पानफुटीची पाने ठेवावीत. किती रोवल्या, किती फुटल्या, किती दिवसांत फुटल्या, याची नोंद मुलांनी स्वतः करावी. न फुटलेल्या फांदीचीही नोंद व्हावी. ती का फुटली नाही, या चर्चेतून फुटलेल्या फांदीइतकेच शिकावयास मिळते.

दुसरे असे की, प्रत्येक रोपापुढे वहीत एक रकाना असावा : ‘हे कोणत्या झाडाचे?’ फांदी देणारे झाड मुलांनी जाऊन पाहावे. पाने सुरकुतलेली, डागाळलेली किंवा आखडलेली असल्यास ती फांदी कितीही सुंदर फुलांची असली तरी घेऊ नये. कात्री प्रत्येक झाडानंतर पुसून स्वच्छ करावी. शाळेतून मुलांना घरी लावण्यास रोपे दिली जातात, तेव्हा शिक्षकाने ही काळजी विशेष घ्यावी. कारण शाळेने दिलेले रोप गावात विश्वासाने लावले जाते, आणि त्याच्याबरोबर गेलेला रोगही त्याच विश्वासाने घरात घेतला जातो.

तिसरे, गावातील एखाद्या कुशल माळ्यास किंवा कलमे बांधणाऱ्या पालकास तासाभरासाठी शाळेत बोलवावे. आपल्या वडिलांच्या हातातील चाकूचे कौशल्य हेही विज्ञान आहे, असे मुलाने एकदा पाहिले म्हणजे पुस्तकाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते.

परीक्षेत व्याख्येला दोन गुण असतील. ते मुलांनी अवश्य मिळवावेत. परंतु या पाठाची खरी परीक्षा काही वर्षांनी होते. मोठा झालेला विद्यार्थी रोपांनी भरलेल्या गाडीजवळ उभा असतो आणि विक्रेता भाव कमी करून देत असतो. त्या वेळी पैसे काढण्यापूर्वी त्याने ‘हे कोणत्या झाडाचे?’ एवढे विचारले, तरी त्याच्या गुरुजींनी किंवा बाईंनी शिकविलेला पाठ उत्तीर्ण झाला, असे समजावे.