ताम्हणातले चिंचोके

माणसाच्या मोठेपणाचे मोजमाप आपण बहुधा त्याच्या नावाच्या पाट्यांवरून करतो. धर्मशाळेवर पाटी असते, पाणपोईवर असते, शाळेच्या खोलीवरही असते. परंतु प्रत्येक गावात अशी काही माणसे होऊन गेलेली असतात, की ज्यांच्या कामावर पाटी लावावी अशी जागाच नसते. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे राहणारी माझी आजी ही त्यांपैकी एक. तिच्याविषयी चार शब्द आज आपणांस सांगावयाचे आहेत.

म्हसवड हे माणगंगेच्या काठचे, सिद्धनाथाचे गाव. अवर्षण तर माणदेशाच्या पाचवीलाच पुजलेले. तरीही 1972 चा दुष्काळ निराळा होता. विहिरी आटल्या, जनावरे येईल त्या किमतीस गेली आणि कालपर्यंत चार गडी राबविणारे शेतकरीही दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊ लागले. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर माणसे दिवस काढीत होती.

मजुरी मिळे ती फोडलेल्या खडीच्या मापावर. मांडीवर मूल असलेल्या बाईचा ढीग साहजिकच लहान राही, आणि ढीग लहान तर पैसेही थोडे. शिवाय दगडाची कपची उडून मुलाच्या डोळ्यास लागण्याची धास्ती निराळीच. आजी तेव्हा सत्तरीच्या घरात होती. एके दिवशी शेजारच्या दोघींना तिने सांगितले, "उद्यापासनं लेकरं माझ्यापाशी टाका आणि जावा." महिन्याभरात दोनाची वीस झाली.

अंगणातल्या लिंबाच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या गेल्या. कोणते मूल कोणाचे हे चुकू नये म्हणून आईच्या लुगड्याच्या काठाचा एक दोरा मुलाच्या मनगटास बांधीत. मूल आले की ताम्हणात एक चिंचोका पडे. संध्याकाळी आई त्यास घेऊन गेली की तो काढून घेत. ताम्हण रिकामे झाल्यावाचून आजी जेवीत नसे. चिंचोके मोजण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो.

सर्व आळ्यांतली मुले एका पंक्तीस बसून पेज पितात, हे काही वडीलधाऱ्यांस रुचले नाही. ते ओसरीवर येऊन बसले. आजीने त्यांस पाणी दिले व म्हणाली, "लेकरू रडाय लागलं की नुसत्या रडण्यावरनं त्याची जात वळखून दावा. मग मी त्याला येगळं बसविते." त्यावर कोणी बोलले नाही, मात्र दोन घरांनी आमच्याकडे जाणे-येणे सोडले. आजीने त्याचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही.

उन्हाळ्यात मुलांना हगवण लागली. एक मूल वाचले नाही. त्या रात्री आजीने झोळ्या सोडून ठेवल्या. आता कोणत्या तोंडाने दुसऱ्याचे मूल घ्यावे, असे तिला वाटले असावे. पहाटे त्याच मुलाची आई दारात उभी राहिली. काही न बोलता तिने झोळ्या पुन्हा बांधल्या आणि मुले येऊ लागली तशी एकेकास घेऊ लागली. पुढे पाऊस पडेपर्यंत ती रोज येत असे. पाणी उकळून गाळण्याचा नेम त्या दोघींनी त्या दिवसापासून धरला, तो मोडला नाही.

1973 साली पाऊस झाला, मुले आपापल्या घरी गेली, चिंचोके चुलीत गेले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमावी व तिलाही मजुरी द्यावी, अशी तरतूद झाली. यात आजीचा काही वाटा होता असे मी म्हणत नाही. अशा बायांची आठवण ठेवूनही ती झाली नसेल. एवढेच म्हणतो की, कायद्याला जे पुढे लिहावे लागले, ते एका निरक्षर बाईस समोरचे मूल पाहून कळले होते. आणि तिला मजुरी कोणी दिली नव्हती.

आपल्या घरीही कोणी वृद्ध आजी असेल. दुष्काळात, साथीत तिने काय केले, हे तिला एकदा विचारा. ती आपण होऊन सांगणार नाही. कारण आपण काही केले असे तिला वाटतच नसते.