नावेची मोटर आणि गटाचा हिशोब



आम्ही बेंबळा धरणाच्या काठच्या बाया. घरची माणसं मासेमारी करतात, नाव वल्ह्यानं चालते. यंदा बचत गटाच्या बैठकीत प्रश्न आला, बॅटरीच्या मोटरीसाठी कर्ज काढायचं का? विकणारा म्हणाला, "एकदा चार्ज केली की दिवसभर चालते." आम्ही म्हटलं, भाऊ, आधी मोजून पाहू.

मोटरीच्या खोक्यावर जोर लिहिलेला असतो, पण तो नाव जागेवर असतानाचा. आपल्याला कळायला हवं, एक किलोमीटर जायला वीज किती लागते.

काठावर टेपनं १०० मीटर मोजून दोन काठ्या रोवल्या. नावेत रोजचंच ओझं ठेवलं: दोन माणसं, जाळी, माशांचं क्रेट. एकीनं मोबाइलवर वेळ धरली, दुसरीनं मीटरवर अँपिअर वाचले. वारा पाठीशी असला की नाव पळते, समोरून आला की अडते. म्हणून जाऊन-येऊन सरासरी काढली.

पूर्ण जोरात १०० मीटरला ९० सेकंद लागले, म्हणजे ताशी ४ किलोमीटर. १२ व्होल्ट गुणिले २० अँपिअर, २४० वॅट. भागिले ४, म्हणजे किलोमीटरला ६० वॅट-तास. मग हळू चालवली, ताशी अडीच किलोमीटर. अँपिअर ५ वर आले. किलोमीटरला फक्त २४!

बॅटरी १०० अँपिअर-तासांची, म्हणजे १२०० वॅट-तास. अशी लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणून ६०० धरा. जोरात १० किलोमीटर, अडीच तास. हळू २५ किलोमीटर, दहा तास. विकणारा खोटं बोलला नव्हता. कोणत्या वेगानं, तेवढं सांगितलं नव्हतं. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते.

केरळात वैकोमला २०१७ पासून 'आदित्य' ही सौर बोट ७५ माणसं नेते. तिचा मार्ग छोटा अन् ठरलेला आहे. आपल्या धरणावर मात्र वारा कधी उठेल, सांगता येत नाही. समोरच्या वाऱ्यात पूर्ण जोर लागतो. म्हणून आम्ही हिशोब १० किलोमीटरचाच धरला, एकच मोटर घेतली, अन् वल्हं नावेतच ठेवायचं ठरवलं.

मोटर नावेची असो की विहिरीची, बायांनो, नुसतं "किती वॅटची?" विचारू नका. तेवढ्या विजेत काम किती होतं, ते समोर मोजून घ्या. कर्जाचा हप्ता आपल्यालाच फेडायचा आहे.