व्हिसाचा कागद आणि खसखशीची पुडी



आमच्या कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यांत 'व्हिसा' हा शब्द मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात. खाडीकाठच्या गावांतली माणसं आधी बोटींवर गेली, मग आखातात गेली. तिकडची ओळख तशी जुनीच. दुबईच्या बाजारात १९५९पर्यंत आपला रुपया चालत असे आणि त्यानंतर १९६६पर्यंत रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी काढलेला रुपया. या जुन्या ओळखीमुळे एक घोटाळा होतो. मुंबईहून तीन तासांत पोहोचणारी दुबई आपल्याला परदेश वाटतच नाही. तिथले कायदे वेगळे आहेत, कागद वेगळे आहेत, हे आपण विसरतो. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

माझा एक भाचा नववीत शाळा सोडून वेल्डिंग शिकला. एका संध्याकाळी तो धावतच घरी आला. "मामू, व्हिसा आला!" एजंटानं एक लाख वीस हजार मागितले होते. साठ हजार देऊन झाले होते आणि उरलेल्यांसाठी माझ्या बहिणीनं हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. मी चष्मा लावून कागद वाचला. साठ दिवसांचा टूरिस्ट व्हिसा होता.

"अरे, हा पाहुण्याचा व्हिसा आहे. यावर काम करता येत नाही."

"मामू, सगळे असेच जातात. तिथं गेल्यावर बदलून देतात."

हे 'सगळे असेच जातात' फार महागात पडतं. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी करायची तर नेमणूक करणाऱ्या कंपनीनं तिथल्या कामगार मंत्रालयाकडून परवाना काढावा लागतो. त्याआधी पगार, काम, राहण्याची सोय लिहिलेलं ऑफर लेटर मिळायला हवं. ते अरबी-इंग्रजीबरोबर हिंदी-उर्दूतही मिळू शकतं. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणं हा तिथं गुन्हा आहे. असा माणूस पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

मग एजंट पाहुण्याचा व्हिसा का देतो? त्याचं उत्तर आपल्याच पासपोर्टात आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' अशी नोंद असते. १९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार अशा माणसाला आखातात नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी खरा करार दाखवावा लागतो आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणून वेल्डरला पर्यटक करून पाठवलं की एजंटाची सगळी कटकट वाचते. मंजुरीची ही अट अडाण्याला अडवण्यासाठी आहे असं आमच्याकडे पुष्कळांना वाटतं. खरं तर ती त्याला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी आहे.

म्हणून पैसे देण्याआधी एजंट परवानाधारक आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावं. त्याला फी म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. पैसे दिले की पावती मागावी.

आता खऱ्या पाहुण्यांविषयी. लेक-जावयाकडे जाणाऱ्या आईवडिलांना तीस किंवा साठ दिवसांचा व्हिसा मिळतो. पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाची तारीख उलटली, तर दिवसाला पन्नास दिरहम दंड बसतो. तिकडे आता साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी असते. २०२२च्या १ जानेवारीपासून हा बदल झाला. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणं-पिणं टाळावं आणि परक्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, न विचारता फोटो काढू नयेत.

सामानाची गोष्ट मात्र मी स्वतःवरून शिकलो. दिवाळीच्या सुमारास मी मुलीकडे शारजाला निघालो होतो. शेजारच्या वहिनींनी तिच्यासाठी डबाभर अनारसे दिले. बायकोनं मसाल्यासाठी खसखशीची पुडी बांधली. आदल्या रात्री मुलीचा फोन आला. काय काय घेतलंस विचारताच मी यादी वाचली, आणि ती ओरडलीच, "अब्बा, खसखस अजिबात नको!"

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. अमिरातीत ते आणायला बंदी आहे. तुरुंगात जाण्याची पाळी येऊ शकते. अनारशांवरसुद्धा तीच खसखस! वहिनींना डबा परत करताना माझी जीभ जड झाली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबा भाऊजी," आणि त्यांनी शंकरपाळ्यांची पिशवी आणून दिली.

तीच काळजी औषधांची. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या इथं डॉक्टर सहज लिहून देतात. तिथं त्यांच्यासाठी आधी सरकारी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांचं मूळ पाकीट जवळ असावं. आणि दुसऱ्यानं दिलेलं पुडकं, मग तो सख्खा का असेना, उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत टाकू नये. विचारायला संकोच वाटतो, हे मला मान्य आहे. पण विमानतळावर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

भाच्याचं काय झालं, ते सांगतो. तो गेला नाही. साठांपैकी तीसच हजार परत मिळाले आणि तो माझ्याशी कित्येक महिने बोलला नाही. त्याच एजंटाकडून वाडीतला दुसरा मुलगा मात्र गेला. साठ दिवस संपले, व्हिसा बदलला नाही, चार महिन्यांचा पगार बुडाला आणि दंड चढत राहिला. २०२४च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये अमिरातीच्या सरकारनं दंड माफ करून घरी जायची मुभा दिली, तेव्हा तो परतला. त्याच्या आईची बाग अजून गहाण आहे.

गेल्या महिन्यात भाचा पुन्हा आला. हातात ऑफर लेटर होतं, हिंदीतलं. "मामू, तुम्ही ऐका, मी वाचतो," म्हणाला. अडखळत, बोट ठेवून, एकेक ओळ त्यानं वाचली. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचं तिकीट. मध्येच थांबून त्यानं दोन शब्दांचे अर्थ विचारले. बहीण दाराशी उभी राहून ऐकत होती. बांगड्या तिच्या हातातच होत्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)