आप्ताच्या आजारासाठी धाव : वैयक्तिक दुःखाकडून लोकसहभागाकडे
(व्याख्यानाचा संपादित पाठ)



घरातील एखाद्या व्यक्तीला कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा कुटुंबाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात : खर्च आणि हतबलता. खर्चाचा निदान अंदाज तरी बांधता येतो, हतबलतेचा बांधता येत नाही. उपचार डॉक्टर करतात, शुश्रूषा परिचारिका करतात; मुलगा, मुलगी किंवा जोडीदार यांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. आजारी आप्तासाठी किंवा त्याच्या स्मरणार्थ धावून निधी उभारण्याची प्रथा समजून घ्यायची, तर ही हतबलता आधी समजून घ्यावी लागते.

ही प्रथा जगभर पोहोचविण्यात कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा मोठा वाटा आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय कापावा लागला. रुग्णालयात सोबतच्या रुग्णांचे हाल त्याने पाहिले होते. कर्करोग संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मिळावा, या ध्येयाने १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाच्या आधारे तो देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागला. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. मात्र आजार फुफ्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि जून १९८१ मध्ये त्याचे निधन झाले. धाव अपुरी राहिली. पण दरडोई एक डॉलरचे ध्येय त्याच्या हयातीतच पूर्ण झाले होते.

राजधानी दिल्लीत २००५ मध्ये दिल्ली अर्धमॅरेथॉन सुरू झाली. २१.०९७५ किलोमीटरच्या या शर्यतीला निधिसंकलनाची जोड मिळाली. आपल्या पसंतीच्या स्वयंसेवी संस्थेसाठी धावणारी व्यक्ती नातेवाईक, शेजारी, कार्यालयातील सहकारी अशा सर्वांकडे देणगी मागते. पुष्कळांना धावण्यापेक्षा हे मागणेच अवघड वाटते. घरातला आजार चारचौघांत बोलून दाखवायचा नाही, ही रूढ वृत्ती तिथे आडवी येते. म्हणूनच अशा धावेचे पहिले यश पैशात मोजता येत नाही. कर्करोग हा शब्द त्या घरात मोठ्याने उच्चारला जाऊ लागतो, हे ते यश होय.

याच शहरातील ‘कॅनसपोर्ट’ या संस्थेचे कार्य या दृष्टीने उद्बोधक आहे. कॅनडात शिकत असताना कर्करोगाला तोंड देऊन परतलेल्या हरमाला गुप्ता यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांची पथके रुग्णाच्या घरी जाऊन वेदनाशमन व आधारसेवा विनामूल्य देतात. संस्थेच्या ‘वॉक फॉर लाइफ’ या उपक्रमात वेगाला महत्त्व नाही. स्पर्धेत न उतरू शकणारा रुग्णही तेथे आप्तांसोबत चालू शकतो.

आता प्रश्न असा, की शासन आरोग्यावर खर्च करीत असताना लोकवर्गणीची गरज काय? आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने २०१८ पासून पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. रेल्वे कर्करुग्णाला व सोबत्याला प्रवासात सवलत देते. दिल्लीच्या एम्सने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील झज्जर येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी केली. तरीही बिहारच्या खेड्यातून आलेल्या कुटुंबाचा सोबत्याच्या मुक्कामाचा, जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार शिल्लक राहतोच. रुग्णालयाच्या दाराबाहेर सुरू होणाऱ्या या खर्चात समाजाने वाटा उचलायचा आहे. झज्जर येथील ८०६ खाटांचे विश्राम सदन हे त्याचे उदाहरण. त्याची इमारत इन्फोसिस फाउंडेशनने बांधून दिली, तर जागा, वीज व पाणी यांचा भार एम्सने उचलला. २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

महाराष्ट्राला दुःखाच्या अशा रूपांतराची ओळख जुनी आहे. मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पती सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला. पुढे १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सामान्य माणसाला न्यास स्थापन करता येत नाही, पण शंभर परिचितांकडून शंभर-शंभर रुपये गोळा करता येतात.

मात्र सद्भावनेला शिस्तही हवी. रुग्णाची संमती घेतल्याविना त्याचे छायाचित्र वा नाव देणगीसाठी वापरू नये. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी आणि विनियोग देणगीदाराला कळवावा. धावणाऱ्याने स्वतःच्या प्रकृतीचीही हयगय करू नये. २०१७ मध्ये दिल्लीच्या प्रदूषित हवेमुळे डॉक्टरांच्या संघटनेने अर्धमॅरेथॉन पुढे ढकलण्याचा आग्रह धरला होता. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला ती पार पडली, पण पुढच्या वर्षीपासून ऑक्टोबरमध्ये होऊ लागली. आजाराविरुद्ध धावणाऱ्यांना श्वास घेण्याजोगी हवा मिळावी, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

धावल्याने आप्ताचा आजार बरा होत नाही, हे धावणाऱ्याला पुरते ठाऊक असते. कित्येकदा ज्याच्यासाठी सराव सुरू केला, ती व्यक्ती शर्यतीच्या दिवसापर्यंत राहतही नाही. तरीही तो धावतो, कारण जमलेल्या पैशातून कुणा अनोळखी रुग्णाच्या घरी परिचारिका पोहोचणार असते. ज्या वेदनेपुढे त्याला स्वतःच्या घरी हात टेकावे लागले, ती दुसऱ्या घरी थोडी हलकी व्हावी, एवढेच त्याचे मागणे असते. लोकसहभाग या शब्दाचा याहून सोपा अर्थ सांगणे कठीण आहे.