डोंगरावरचा निरोप्या



२०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. फोन घरोघरी होते, पण वीज गेली आणि फोनही मुके झाले. अशा वेळी माडीवर अडकलेल्या माणसाने पलीकडच्या वाडीला निरोप धाडावा कसा?

यावर घरी करण्यासारखी एक तोड आहे. ‘लोरा’ जातीचे रेडिओयंत्र तळहातावर मावते. त्याला टॉवर लागत नाही, सिमकार्डही नाही. फोनवर निरोप लिहायचा. फोन तो ब्लूटूथने यंत्राला देतो, यंत्र तो हवेत सोडते. दुसरे यंत्र ऐकते नि पुन्हा सांगते, तिसरे त्याचे ऐकते. बांधावरची हाक पुढच्या बांधावरचा गडी पुढे देतो ना, तसेच. ‘मेश्टास्टिक’ नावाचा यासाठीचा प्रोग्राम फुकट मिळतो. उंचावर बसून हाक पुढे देणारे यंत्र, तो आपला रिपीटर.

बोलणे मात्र यातून जात नाही हं! जातात ती अक्षरे, तीही एका वेळी दोनशे बाइटांच्या आसपास. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी सुटी मोजतात आणि प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे साठ-पासष्ट चिन्हांत सारे आटपायचे. २०१३ साली बंद झालेल्या तारेची आठवण व्हावी! गुरुजींनी मुलांकडून असे निरोप जरूर लिहवून घ्यावेत.

ही लहर डोंगर भेदून जात नाही. सपाट रानात नऊ मीटर उंच काठीवरून तिचे क्षितिज सुमारे बारा किलोमीटरवर येते. मधे टेकडी आली की एक किलोमीटरसुद्धा पुष्कळ. तेव्हा महाग यंत्रापेक्षा टेकाडावरच्या शाळेचे छप्पर मोलाचे.

आता सूर्याचा हिशेब. एप्रिलच्या उन्हात चाचणी घेतली तर सारे झकास चालते, पण गरज पडणार आषाढात. आठवडाभर सूर्य दिसला नाही तरी यंत्र जागे राहिले पाहिजे. काटकसरी यंत्र सरासरी दहा मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास झाले. ३,००० ची बॅटरी कागदावर बारा दिवस पुरते; आपण नऊच धरावे. वायफायवाली स्वस्त यंत्रे याच्या कित्येक पट खातात. म्हणून आपल्या यंत्राचा आकडा मल्टिमीटरने स्वतः मोजावा आणि बॅटरी त्यावरून घ्यावी, पॅनेलच्या वॉटवर भुलून नव्हे. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी उन्हाची धग बरी सोसते, मात्र तिला तिच्याच जातीचा चार्जर हवा. डबा पॅनेलच्या सावलीत बांधावा, तारा खालून आत न्याव्या. पॅनेलचे तोंड दक्षिणेला.

अँटेना जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये, जळण्याचा संभव असतो. यंत्र व अँटेना दोन्ही ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली घ्यावीत. आपल्याकडे ठरलेल्या शक्तीच्या आत हा पट्टा परवान्याविना वापरता येतो. आणि ढग गडगडत असताना छपरावर चढायचे नाही, अँटेना कितीही वाकडी झालेली असो.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. यावरून ११२ ला फोन लागत नाही. निरोप पोचतो तो असेच यंत्र बाळगणाऱ्या माणसाला. तेव्हा तालुक्याच्या गावी कोणाकडे तरी ते हवे, मधल्या टेकड्यांवर रिपीटर हवेत, आणि पुराच्या रात्री त्या माणसाचे यंत्र चालू हवे. तो माणूस कोण, हे जून उजाडण्यापूर्वी ठरवून घ्या.