काळा डाग आणि काळाचें मोल

पेण आणि रोहें या तालुक्यांतील कष्टकरी माणूस उन्हाला सरावलेला. भाताच्या खांचरांत, खारेपाटांतील बांधावर आणि मिठागरांत त्याचें आयुष्य जातें. त्वचेचा काळा कर्करोग, ज्यास वैद्यकांत मेलॅनोमा म्हणतात, तो उन्हामुळें होतो आणि तोहि बहुधा गोऱ्या लोकांस, अशी सुशिक्षितांची समजूत आहे. ती बव्हंशीं खरीहि आहे. परंतु या रोगाची एक शाखा अशी आहे कीं, तिचा उन्हाशीं संबंध नाहीं. जेथें सूर्यकिरण पोंचत नाहीं अशा नाकाच्या पोकळींत, टाळूवर, गुदद्वारांत आणि स्त्रियांच्या जननेंद्रियांत ती उद्भवते.

शरीराच्या आंतील पोकळ्यांना जें ओलसर अस्तर असतें, त्यास श्लेष्मल त्वचा म्हणतात. कातडीस रंग देणाऱ्या पेशी थोड्या संख्येनें तेथेंहि असतात. त्या बेबंद वाढूं लागल्या म्हणजे हा रोग होतो. अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या सुमारें ८४ हजार रोग्यांच्या पाहणींत शंभरांत जेमतेम एकाचा मेलॅनोमा या अस्तराचा होता. आशियांत मात्र त्वचेवरील प्रकारच कमी असल्यानें या प्रकाराचा वांटा पुष्कळ मोठा भरतो. त्याच पाहणींत त्वचेच्या मेलॅनोमाचे शेंकडा ८१ रोगी पांच वर्षांपर्यंत जगले. श्लेष्मल त्वचेचे अवघे शेंकडा २५.

एवढें अंतर कां पडावें? पहिलें कारण जागेचें. हातावरचा तीळ वाढला तर घरांतलें पोरहि सांगेल. नाकाच्या आंत कोण डोकावतो? एकाच नाकपुडींतून रक्त येतें, तें उष्णतेचें म्हणून सोडून देतात. शौचावाटे रक्त जातें, तें मूळव्याधीचें ठरतें. शिवाय कांहीं गांठी काळ्या नसतातच. त्यामुळें निदान होईपर्यंत रोग खोल गेलेला असतो. अमेरिकन वर्गीकरणांत तर नाकातोंडांतील या रोगाला पहिली व दुसरी पायरीच ठेवलेली नाहीं. लहानशी गांठहि तिसऱ्या पायरींत धरतात. यावरून त्याचा स्वभाव ध्यानांत यावा.

दुसरें कारण शस्त्रक्रियेचें. गांठ सभोंवतालच्या निरोगी कडेसह संपूर्ण निघाली तर रोग्यास अधिक आशा असते. पण डोळा, मेंदू, रक्तवाहिन्या शेजारीं असतां तशी कड मिळणें दुर्घट होतें. कडेला रोग राहिला, तो लसिकाग्रंथींत उतरला किंवा यकृत-फुप्फुसांपर्यंत गेला, कीं आयुर्मान झपाट्यानें घटतें. किरणोपचारानें त्याच जागीं रोग उलटण्याचा धोका कमी होतो. दूरवर पसरलेल्या रोगास मात्र त्यानें आळा बसत नाहीं.

तिसरें कारण औषधांचें. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करणाऱ्या नव्या औषधांच्या मूलभूत शोधास २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांपैकीं निवोलुमॅब या औषधानें त्वचेच्या मेलॅनोमाच्या शंभरांत सुमारें ४१ रोग्यांच्या गांठी आकसल्या. श्लेष्मल प्रकारांत सुमारें २३. थोड्या रोग्यांत ‘किट’ नांवाच्या जनुकांत बिघाड असतो. त्यांना इमॅटिनिबसारख्या गोळीचा उपयोग होऊं शकतो. म्हणून जनुकांची तपासणी करून घेणें हितावह असतें.

कोंकणांत आणखी एक अडचण आहे. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांच्या हिरड्या पुष्कळदां काळवंडलेल्या असतात. त्या काळोखांत नवा डाग सहज लपून जातो. मिश्रीनें मेलॅनोमा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु तंबाखूनें तोंडाचा नेहमींचा कर्करोग होतो हें निर्विवाद आहे. तेव्हां मिश्री सोडण्यास एकच कारण पुरेसें आहे. तोंडांतला प्रत्येक काळा डाग भयंकर नसतो, बहुतेक निरुपद्रवीच असतात. पण जो नवा आहे, वाढतो आहे, ज्याच्या कडा वेड्यावांकड्या आहेत किंवा ज्यांतून रक्त येतें, तो डॉक्टरांस दाखविलाच पाहिजे. त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून निदान पक्कें होत नाहीं.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें, तेव्हां रोह्याच्या माणसास तेथवर पोंचणें हेंच एक दिव्य होतें. आज रोहें आणि पेण दोन्ही पनवेलशीं लोहमार्गानें जोडलेलीं आहेत, आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संस्था तर रायगड जिल्ह्यांतच आहे. वाट जवळ आली. दिरंगाई मात्र घरांतच होते. लाजेपोटीं स्त्रिया गुप्त जागेचा रक्तस्राव सांगत नाहींत, आणि वडीलधारी माणसें मुलांना खर्चांत घालूं नये म्हणून गप्प राहतात.

रोगी वाचणें न वाचणें सर्वस्वीं कुणाच्या हातीं नाहीं. वेळेवर येऊनहि कांहींजण दगावतात, आणि त्याचा दोष त्यांच्यावर अगर त्यांच्या आप्तांवर ठेवणें अन्यायाचें होईल. परंतु वर सांगितलेल्या कारणांपैकीं गांठीची जागा आणि जनुकाचा बिघाड हीं आपल्या सत्तेबाहेरचीं आहेत. पहिला रक्ताचा ठिपका दिसल्यापासून डॉक्टरांच्या दारापर्यंत लागणारे दिवस तेवढे घरच्या माणसांच्या हातीं आहेत. एकाच नाकपुडीचें रक्त, न हटणारा डाग, पाळी गेल्यावर होणारा रक्तस्राव, यांपैकीं कांहींहि दोन-तीन आठवडे टिकलें, तर घरांतील कर्त्यानें स्वतः विचारपूस करून त्या माणसास तपासणीस न्यावें.